हॉल, वर्तुळ की शिबिर? कॉलेजात समावेशनाचं प्रशिक्षण घ्यायची वेळ आली की

वर्षाच्या पहिल्या स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य कुणाकडे तरी बघून म्हणतात, "यंदा विविधता आणि समावेशनावर काहीतरी घ्या." ते बघणं तुमच्याकडे असेल, तर पुढचं तुमच्यासाठी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) कार्यक्रम अधिकारी असताना हे काम मी तीन तऱ्हांनी केलं: पाहुणा बोलावून हॉलमध्ये, आठवड्याला एक तास लहान गटात, आणि सात दिवसांच्या निवासी शिबिरात. तिन्हीकडे हात पोळले, पण सारखे नाहीत.

हॉल

करायला सगळ्यात सोपं. तारीख ठरते, मुंबई-पुण्याहून कुणीतरी सकाळच्या गाडीनं उतरतं, दोनशे मुलं सक्तीनं बसवली जातात, शाल-श्रीफळ होतं, अहवाल जातो. याला नावं ठेवायची मला घाई नाही, कारण निव्वळ माहिती द्यायची तर हॉलच बरा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१२ च्या समता विनियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद आहे, हे बहुतेक मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या, हेही नाही. लैंगिक छळाची तक्रार कुठे करायची, रॅगिंगची कुठे, हे पाऊण तासात सांगून होतं. तेवढं सांगा आणि मुलांना सोडा.

घोळ होतो तो पुढच्या दोन तासांत, मन बदलायला निघाल्यावर. सक्तीच्या विविधता-प्रशिक्षणानं माणसं उलट अडून बसतात, असं फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकी कंपन्यांचा अभ्यास करून २०१६ मध्ये मांडलं. आमच्याकडे तेच एका मुलानं चपला घालता घालता मांडलं: "म्हणजे आता काय बोलायचं पण नाय का?"

माझा खरा चटका मात्र 'एक पाऊल पुढे' या खेळाचा. सगळी एका रेषेत उभी. पाहुणे वाक्यं वाचत होते: ज्यांच्या घरी इंग्रजी पेपर येतो ते एक पाऊल पुढे, ज्यांचे आईवडील पदवीधर ते एक पाऊल पुढे. दहा मिनिटांत पुढची मुलं स्टेजला टेकली. मागे भिंतीपाशी तिघंच उरली, त्यांत कातकरी वाडीवरून येणारी एक मुलगी. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत उभी होती. आपण मागे आहोत हे तिला नवीन नव्हतं. नवीन होतं ते दोनशे जणांनी वळून बघणं. पुढच्यांना जो काही बोध झाला, त्याचं बिल तिच्या नावावर फाटलं. पुढचे दोन आठवडे ती एनएसएसच्या तासाला आली नाही.

हाच खेळ चिठ्ठ्यांवर करता येतो. प्रत्येकाला एक पात्र द्यायचं: आंब्याच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी गडी, ट्रॉलरवरचा खलाशी, व्हीलचेअरवरची बीकॉमची मुलगी, मोहल्ल्यातली पहिली पदवीधर, बागायतदाराचा एकुलता मुलगा. पावलं पात्राची, स्वतःची नाहीत. बोलणं तितकंच होतं आणि कुणी उघडं पडत नाही. जेन इलियट या शिक्षिकेनं १९६८ साली आयोवात केलेला निळ्या-तपकिरी डोळ्यांचा प्रयोग ऐकून कुणी उत्साही पाहुणा तसलं काही सुचवेल. नाही म्हणा. अर्ध्या वर्गाला मुद्दाम कमी लेखून नंतर सावरायचं कसब माझ्याकडे नाही, तुमच्याकडेही बहुधा नसेल.

वर्तुळ

बारा-पंधरा मुलं, सहा ते आठ आठवडे, आठवड्याला एक तास, आणि चालवायला दोन विद्यार्थी. मी आता बहुतेक वेळा हेच निवडते. पण यात तीन गोष्टी नीट जमाव्या लागतात.

पहिली, वेळ. सुरुवातीला मी वर्तुळं कॉलेज सुटल्यावर चारला ठेवली. तिसऱ्या आठवड्याला बघते तर उरलेली सगळी बाजारपेठेतली, दुचाकीवाली. लांबच्या गावांची एसटी साडेचारला निघायची, त्यानंतरची मुक्कामाची गाडी पोचेपर्यंत रात्र. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, तीच स्टँडवर. मग तास अकराला आणला. वर्षाला एनएसएसचे १२० तास भरायचेच असतात, त्यांतच हे बसवलं. महिना निवडतानाही गणपती, परीक्षा, शिमगा आणि रमजान चारही बघा. जानेवारीत सुरू करून शिमग्याआधी संपवणं मला सोयीचं पडलं.

दुसरी, ओळख. कोकणात ओळखीचा तास म्हणजे नाव, गाव, वाडी. आपल्याकडे वाडी म्हणजेच जात. 'कुठच्या वाडीतला रे?' हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर द्यायच्या आधी जी मुलं क्षणभर थांबतात, त्यांना तो साधा नसतो. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२० मध्ये घेतला. बोलण्यातली नावं मात्र आहेत तिथेच आहेत. तर वर्तुळात पहिलं नाव पुरे. आडनाव नको, वाडी नको. त्याऐवजी मी विचारते, "आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, तुमच्या घरात काय भरून ठेवतात?" कुणी सुके बोंबील सांगतं, कुणी फणसपोळी, कुणी कुळथाचं पीठ. एकदा एक मुलगा म्हणाला, "आम्ही काय भरत नाय मॅडम. आम्ही तेव्हा वीटभट्टीवरनं परत येतो." जेवणावरूनही जात कळते, हे मला ठाऊक आहे. पण काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं, हे इथे सांगणारा ठरवतो.

तिसरी गोष्ट, काम. नुसत्या चर्चेला चौथ्या आठवड्यात जांभया येतात. वेगळ्या गटांतली माणसं नुसती शेजारी बसवून पूर्वग्रह जात नाही. बरोबरीचा दर्जा, एकच ध्येय, सहकार्य आणि वरच्यांचा पाठिंबा असेल तर फरक पडतो, असं गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये लिहिलं. एलियट अ‍ॅरनसन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञानं १९७१ साली टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या शाळांत, गोरी-काळी मुलं नुकतीच एकत्र आलेली असताना, धडा तुकड्यांत वाटला. प्रत्येकाकडे एकच तुकडा, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुराच होईना.

आम्ही ती युक्ती इमारतीवर चालवली. एकाकडे मोजपट्टी, एकाकडे नकाशा, एका मुलीकडे वेळापत्रक. चाकाच्या खुर्चीवरून कॉलेजात कुठवर जाता येतं ते शोधायचं. जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्या, कडा झिजलेल्या, पावसात शेवाळलेल्या. एरवी मालवणीत तोंड उघडलं की ज्याला हसायचे, तो देवगडचा मुलगा गवंड्याचा निघाला. उताराला लांबी किती लागेल ते त्यानं तिथेच खडूनं आखून दाखवलं, मालवणीतच, आणि कुणी हसलं नाही. शेवटी निघालं ते असं की वाचनालयात जायला १४ पायऱ्या, आणि आमचं समावेशनाचं हॉलमधलं सत्र गेली दोन वर्षं पहिल्या मजल्यावर होत होतं.

या पर्यायात दमछाक तुमची. चालक विद्यार्थ्यांना आधी दोन दिवस तयार करावं लागतं, दर आठवड्याला त्यांच्याशी बसावं लागतं. जोडी एकाच गावची नको, दोन्ही मुलगेही नकोत. एका वर्षी एका चालकाला प्रवचनाची बाधा झाली आणि गट अर्धा गळाला. ते मला फार उशिरा कळलं. आणखी एक: वर्तुळात कुणी छळाचं किंवा रॅगिंगचं काही बोललं, तर तिथे चौकशी मांडायची नाही. ऐकून घ्यायचं आणि त्या व्यक्तीच्या संमतीनं समितीकडे न्यायचं. चालकांना हे पहिल्याच दिवशी बजावा.

शिबिर

सात दिवस एकाच छपराखाली राहिलं की बोलावं कमी लागतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम, सकाळी वनराई बंधाऱ्याला सिमेंटच्या पिशव्यांत माती भरायची, संध्याकाळी गप्पा. कुणी न सांगता मुलगे बंधाऱ्यावर जातात आणि मुली चुलीकडे. मी चिठ्ठ्या टाकते. पातेली घासायची पाळी आलेला बागायतदाराचा मुलगा राख कुठे आणि काथ्या कुठे विचारत फिरतो, तेव्हा जे शिक्षण होतं ते कुठल्याही स्लाइडवर होत नाही. मासे शिजवायचे की नाही, यावरून पहिल्या संध्याकाळी भांडण ठरलेलं. ते होऊ द्या, पण निकाल तुम्ही देऊ नका.

तरीही शिबिराला मी पहिला नंबर देत नाही, कारण तिथे पोचतो कोण? रात्री बाहेर राहायला न पाठवल्या जाणाऱ्या मुली नाहीत, संध्याकाळी दुकानात काम करणारे नाहीत, होडीवर जाणारे नाहीत. तृतीयपंथी विद्यार्थ्यानं कुठल्या खोलीत झोपायचं, हा प्रश्न तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलचा २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २०१९ चा कायदा झाल्यावरही शिबिराच्या गावी पोचल्यावरच आठवतो. तो आधी, त्या विद्यार्थ्याला विचारून सोडवा. शिवाय गावकरी आपुलकीनं पाण्याचा तांब्या पुढे करतात आणि विचारतात, "वाडी कुठची?" तेव्हा तुम्ही तिथे नसता.

मग काय निवडायचं

एकच दिवस हाताशी असेल तर हॉल घ्या, पण तळमजल्यावर. पाऊण तास माहिती, मग चिठ्ठ्यांचा खेळ, आणि जेवणाआधी सुट्टी. पाहुण्यांचा खर्च वाचवून बस करता आली तर त्याहून बरं: महाडच्या चवदार तळ्यावर नेऊन २० मार्च १९२७ ला तिथे काय झालं ते तिथल्याच पायऱ्यांवर बसून सांगा. सबंध सेमिस्टर असेल आणि दोन शिक्षक सोबत असतील तर वर्तुळ. एकट्याच असाल तर दोन वर्तुळांच्या वर जाऊ नका, मी चार घेऊन बघितली आहेत. शिबिर तसंही होणारच असेल, तर त्याला वेगळं सत्र लावू नका. कामाच्या चिठ्ठ्या टाका आणि रात्री अर्धा तास मोकळा ठेवा.

आणि काहीही निवडलंत तरी तारीख जाहीर करण्याआधी स्टँडवरच्या कंट्रोलरकडून गाड्यांच्या वेळा लिहून आणा. पावसाळ्यात त्या बदलतात.