जुनी अमेरिकन संगीन घेताय? शिक्का घासून नवा ठोकलेला माल विकतायत

पेनसिल्व्हेनियातल्या एका गन शोमध्ये मला 1942 ची संगीन 1906 ची म्हणून विकली गेली. विक्रेत्याचा गैरसमज वगैरे काही नाही, मुद्दाम शिक्का बदललाय, आणि इथली आपली बरीच मंडळी हल्ली जुन्या मिलिटरी वस्तू जमवतायत म्हणून सविस्तर लिहितोय.

मॉडेल 1905, सोळा इंची पातं, लाकडी मूठ. मुठीलगतच्या सपाट भागावर एका बाजूला एसए म्हणजे स्प्रिंगफील्ड आर्मरी हा अमेरिकन सरकारी शस्त्र कारखाना, मग पेटत्या बॉम्बचं चिन्ह, मग साल, दुसऱ्या बाजूला यूएस आणि सिरीयल नंबर, अगदी जसं हवं तसं. विक्रेता आजोबांची आहे म्हणाला. 400 डॉलर रोख घेतले.

घरी आणून अ‍ॅसिटोनचा बोळा शिक्क्यावरून फिरवला तर कापूस राखाडी झाला आणि खाली कानशीचे ओरखडे दिसले. पार्करायझिंगचा, म्हणजे गंजू नये म्हणून पोलादावर रसायनाने चढवलेला राखाडी थर असा निघत नाही! जुन्या संगिनींवरही दुसऱ्या महायुद्धात दुरुस्तीच्या वेळी तो थर चढवलेला असतो, त्यामुळे राखाडी पातं दिसलं की नकली असं अजिबात नाही, पण खऱ्यात तो अक्षरांच्या आत, तळापर्यंत असतो. इथे अक्षरांचा तळ चकचकीत, कडा वर आलेल्या, स्टीलची पट्टी आडवी धरली तर मधे खळगा. तिरक्या उजेडात भिंग लावलं तर एसएच्या शेजारी जुन्या एचचा एक पाय अजून शिल्लक आहे.

तो एएफएचमधला एच. अमेरिकन फोर्क अँड हो, मुळात शेतीची अवजारं बनवणारी कंपनी, 1942 मध्ये सैन्याने ज्या सहा कंपन्यांकडून या संगिनी करून घेतल्या त्यातली एक. त्यांच्यावर सिरीयल नंबर नसायचा आणि मूठ प्लास्टिकची असायची, म्हणजे या माणसाने नंबर ठोकला आणि मूठपण बदलली. पैशांपेक्षा राग याचा येतो की 1943 नंतर यातल्या ढीगभर संगिनी कापून दहा इंची केल्या, न कापलेली आधीच कमी मिळते, आणि अशी धडधाकट वस्तू याने चार पैशांसाठी कायमची खराब केली.

पैसे परत मागितले तर शोमधला माल परत घेत नाही म्हणाला, आता फोनच उचलत नाही.

1905, 1906 अशी सुरुवातीची सालं दाखवून कोणी घाई करत असेल तर थांबा. दोन्ही बाजूंचे तिरक्या उजेडातले फोटो मागा, द्यायला टाळाटाळ केली तर सरळ सोडून द्या, आणि फोटो मिळाले तर मला दाखवा, मी बघून सांगतो.