धुऱ्यासाठी (वावराच्या बांधासाठी) रोपं घेतली त्या नर्सरीबद्दल (साडेतीन स्टार)

मागच्या पावसाळ्यात या नर्सरीतून १८० रोपं घेतली, ४० रुपये नग. नाव टाकत नाही, पुढं तक्रार आहे आणि माणूस काही वाईट नाही.

आमचं वावर नागपूर जिल्ह्यात उमरेडकडं. एका बाजूला झुडपी जंगल (सरकारी दप्तरात याच नावानं असलेली झुडपांची जमीन), खाली नाला, आणि पलीकडं दोन वावरं होती तिथं प्लॉटचं लेआउट पडलं. जेसीबी लावून धुरे सपाट केले, बोरी, हिवर (काटेरी बाभळीसारखं झाड) सगळं गेलं. तेव्हापासून रोही (नीलगाय) अन् डुक्कर थेट माझ्या तुरीतून जातात, त्यांचा तरी काय दोष, रस्ताच बुजवला ना. म्हणून ठरवलं की नाल्यापासून झुडपीपर्यंत पिकाच्या बाहेरून झाडाझुडपांचा एक पट्टा करू.

बाकी नर्सरीवाले पहिले परदेशी कोनोकार्पसची झाडं दाखवतात. इथं नर्सरीवाल्या भाऊनं पहिले विचारलं, "नाला कोणीकडं वाहते? अन् शेजारच्याचा धुरा शाबूत हाय का?" मग मोबाइलवर वरून दिसणारं वावर काढून बोटानं रेघ ओढली, ओलीकडं कहू (अर्जुन), जांभूळ, करंज, वर पळस, बोर, हिवर आणि मधेमधे तरवड. म्हणे, "नुसते उभे खोडं लावाल तं मुंगूस लपीन कुठं? अन् मधी उघडं सोडू नका, जनावर तिथूनच मागं फिरते." हे ऐकूनच मी ऑर्डर दिली.

आणि बरोबरच आहे ते. जय वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्यातून चालत आमच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आला, तो काय सलग जंगलातून आला का? वावरं, नाले, झुडपी असंच करत आला. पेंच व्याघ्र प्रकल्पात ४४ नंबर हायवेखाली जनावरांसाठी ९ वाटा काढल्या, त्यातून वाघही जातात, पण त्या वाटेच्या दोन्ही तोंडाला लेआउट पडलं तर त्या वाटेचं काय करता. २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं झुडपी जंगल हे जंगलच म्हणून सांगितलं, पण दोन झुडपींच्या मधलं वावर तर आपलंच आहे, ते कोणतं कोर्ट सांभाळणार.

आता तक्रार. जूनच्या शेवटी देतो म्हणून गाडी आली जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, तेव्हा निंदणाला मजूर मिळेनात तिथं खड्डे कोण खोदणार, आणि ड्रायव्हरनं पांदणीत (वावराकडच्या कच्च्या वाटेत) चिखल आहे म्हणून सगळी रोपं रोडवरच उतरवून दिली, बैलबंडीनं चार फेऱ्या झाल्या. कहूच्या पिशव्या फाडल्या तर मुळं आत जिलेबीसारखी गोल गोल फिरलेली, म्हणजे रोप जुनं, वरून मात्र हिरवंगार. त्यातले निम्म्याच्या वर उन्हाळ्यात वाळले. फोन केला तर भाऊनं वाद घातला नाही, २० बोरी फुकट दिल्या, पण कहूच्या बदल्यात बोर चालत नाही ना, नाल्याची कड तशीच उघडी राहिली.

बोरी, तरवड मात्र कमरेएवढे झालेत. बकऱ्यांनी खाल्ले ते वेगळे, त्यात नर्सरीचा दोष नाही, आमच्याच शेजाऱ्याच्या बकऱ्या.

जायचं असेल तर नाल्याचा एक फोटो सोबत न्या, आणि पैसे द्यायच्या आधी एक पिशवी तिथंच फाडून मुळं पाहा, भाऊ नाही म्हणत नाही.