आजीजवळ की अंगणवाडीत?

कापसाची वेचणी लागली की जाऊबाईंचा जीव टांगणीला. ३ वर्षांचं लेकरू आजीजवळ ठेवू की अंगणवाडीत धाडू? पैसा दोन्हीकडे लागत नाही.

बोलणं मात्र आजीजवळ फुलतं. तुरीच्या शेंगा सोलताना ती दाणे मोजून घेते, पोरगं दहादा "हे काय?" विचारतं, ती दहादा सांगते. हातात मोबाइल देऊन ओसरीवर बसवलं, की हे सगळं गेलंच. अंगणवाडीत गरम आहार मिळतो, वजन-उंची मोजतात. बरोबरीच्या पोरांत वाटून खाणं, आपला नंबर येईपर्यंत थांबणं येतं. एकट्या लेकराला हे घरी कोण शिकवणार?

आजी बोलकी असेल तर सकाळी अंगणवाडी, दुपारी आजी. आजी थकलेली असेल तर अंगणवाडी चुकवूच नका. ३ वर्षांखालच्याला घरच बरं, त्याचा आहार अंगणवाडीतून घरी नेता येतो.