साधं नाचणी सत्त्व घ्या, सुकामेवावालं पाकीट लहान बाळाला नको

रत्नागिरीत बाजारात एक घरगुती पदार्थांचं दुकान आहे (नाव लिहीत नाही), लेकीचं उष्टावण झाल्यावर तिथून दोन पाकिटं आणली, एक साधं नाचणी सत्त्व आणि एक सुकामेवा घातलेलं.

साधं खरंच मस्त आहे. मोड काढलेलं, वस्त्रगाळ, आधी गार पाण्यात कालवून मग मंद गॅसवर ढवळत राहिलं की एक गुठळी नाही, वर थोडं तूप, लेक वाटी संपवते. भर पावसात आणलं तरी कुबट वास नव्हता.

सुकामेवावालं दिलं आणि अर्ध्या तासात तिच्या हनुवटीवर, पोटावर गांधी उठल्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, त्यात काय काय होतं? पाकिटावर नुसतं 'सुकामेवा'. दुकानात फोन केला तर काजू, बदाम, पिस्ते, थोडे शेंगदाणे, असेल ते घालतो म्हणाले. आता यातलं नेमकं काय बाधलं कसं कळणार? शेंगदाणे, काजू-बदाम, दूध, सोया असे अ‍ॅलर्जीचे घटक पाकिटावर लिहायचे असा नियम आहे हो.

सासूबाई म्हणाल्या आता वर्षभर असलं काही नकोच. पूर्वी डॉक्टरपण तेच सांगायचे, अमेरिकेत 2000 साली अ‍ॅलर्जीची शक्यता असलेल्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका असा सल्ला होता, तो 2008 मध्ये मागे घेतला. मग 2015 मध्ये लंडनचा 640 बाळांचा अभ्यास आला, सगळी तीव्र एक्झिमा (त्वचेला खाज, पुरळ येतं तो आजार) नाहीतर अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, त्यात 4 ते 11 महिन्यांत शेंगदाणा सुरू करून खात राहिलेल्यांत पाच वर्षांचे झाल्यावर 3.2 टक्क्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आणि टाळलेल्यांत 17.2 टक्के! म्हणजे उगाच लांबवूनही चालत नाही.

टेस्टमध्ये आमच्याकडे काजू निघाला, शेंगदाणा नाही. काजूच्या गावात काजूच, वाईट वाटलं फार. आता डॉक्टरांना विचारून शेंगदाण्याचा अगदी बारीक कूट पेजेत पातळ करून देतो, अंडं पूर्ण शिजवून, एका वेळी एकच नवी गोष्ट, ती पण सकाळी, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. अख्खा दाणा अजिबात नाही, घशात अडकतो. बाळाला एक्झिमा असेल तर आधी डॉक्टरांना विचाराच.

साध्या सत्त्वाला पाच स्टार, दुसऱ्याला एक. दुकानदार काका बोलायला चांगले आहेत, नावं छापतो म्हणाले, पण परवा गेले तेव्हा पाकिटावर अजून 'सुकामेवा'च होतं.