बडोद्यात ‘रात्रभर कॅमेऱ्यावर नजर’ विकणाऱ्यांपासून सावध राहा: माझे १,०१,३९२ रुपये गेले

आधी आकडे लिहितो, कारण पोलीस ठाण्यात ते कोणी नीट लिहून घेतले नाहीत. आठ कॅमेरे, दोन डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्र साठवणाऱ्या पेट्या), हार्डडिस्क आणि वायरिंग मिळून ६८,५००. वर्षभर रात्रीच्या देखरेखीचे १४,४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १६,९९२. ‘पोलीस कंट्रोल रूमशी थेट जोडणी’ म्हणून ५,९००. परत मिळणारी अनामत १०,०००. एकूण १,०१,३९२ रुपये. दुकानातून चोरीला गेलेला २,३७,००० चा माल आणि गल्ल्यातले १८,४०० यात धरलेले नाहीत.

आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान जुन्या शहरात, चार दरवाजांच्या आत, वडिलांच्या वेळेपासूनचं. घर कारेलीबागेत, तळमजल्यावर. २०२४ ची उत्तरायण, म्हणजे संक्रांत, संपली आणि ही देखरेख विकणारा मुलगा दुकानात आला. पहिलंच वाक्य मराठीत: “काका, मीही दांडिया बाजारातलाच. आपल्या माणसांना मी महाग लावणार नाही.” मग मोबाइलवर त्यांची स्वतःची कंट्रोल रूम दाखवली, भिंतभर स्क्रीन आणि हेडफोन लावून बसलेली पोरं. २०२२ च्या गुजरात सार्वजनिक सुरक्षा कायद्याची भीती घातली: कॅमेरे नसतील तर दंड, तीस दिवसांचं फुटेज ठेवावंच लागतं. तो कायदा मोठी गर्दी जमणाऱ्या जागांसाठी आहे, आमच्यासारख्या दुकानासाठी नाही, हे मला नंतर एका वकिलाने सांगितलं. कायद्याचं नाव घेऊन कोणी घाई करत असेल, तर तिथेच थांबा.

लोक विचारतात, तपासून घेतलं नाही का? घेतलं. पहिल्याच आठवड्यात रात्री दोन वाजता मी स्वतः दुकानासमोर जाऊन शटरला हात लावला. मिनिटभरात फोन आला आणि स्पीकरवरून आवाजही आला, “कौन है वहाँ?” यापुढे माणसाने आणखी काय तपासायचं? नवीन गिऱ्हाईक सुरुवातीला पारखून बघणार हे त्यांना ठाऊक असतं, तेवढे दिवस कोणाला तरी बसवत असणार. म्हणून सांगतो, चाचणी तीन महिन्यांनी घ्या, सहा महिन्यांनी घ्या, न सांगता घ्या.

पुढे फोन बंद झाले आणि नुसते संदेश येऊ लागले. ‘हालचाल आढळली’, सोबत फोटो. मांजर, रिक्षाचा दिवा, लेन्ससमोर घोंगावणारे किडे. हे तर कुठलाही साधा डीव्हीआर फुकट करतो. पैसे दिले होते ते मधे माणूस बसावा म्हणून: त्याने चित्र बघायचं, मांजर की चोर हे ठरवायचं, स्पीकरवर ओरडायचं, मला आणि पोलिसांना फोन करायचा. रोज सकाळी सात वाजता मात्र अहवाल न चुकता यायचा: ‘रात्र शांत. सर्व ८ कॅमेरे सुरू.’

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून रात्री झोप लागत नाही. ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर बडोद्यात कोण विसरेल? नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. आमच्या घरात कमरेइतकं पाणी, सोसायटीची वीज बंद, आईला वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे नेलेलं. डीव्हीआर टीव्हीच्या खणात, म्हणजे पाण्याखाली. आणि २८ तारखेला सकाळी सात वाजता संदेश: ‘रात्र शांत. सर्व ८ कॅमेरे सुरू.’ घराचे चार कॅमेरे बिनविजेचे बंद होते! मी तो संदेश वाचला. फोनची बॅटरी संपत आलेली, आईची मधुमेहाची औषधं संपलेली, दूध नाही, पिण्याचं पाणी नाही. त्या दिवशी कॅमेऱ्याचा हिशेब कोण करेल? तरी पाणी उतरल्यावर मी फोन करून विचारलंच. तो म्हणाला, “काका, आपलं सगळं क्लाउडवर चालतं, म्हणून सिस्टिम ‘सुरू’ दाखवते.” क्लाउडवर जुनं रेकॉर्डिंग राहू शकतं. पण बंद कॅमेरा नवीन चित्र कुठून पाठवणार? हा प्रश्न त्याच क्षणी तोंडातून निघायला हवा होता. दुसऱ्या दिवसापासून अहवालात ‘४ कॅमेरे सुरू’ असं येऊ लागलं, आणि चूक दुरुस्त झाली असंच कोणालाही वाटलं असतं.

नवरात्रात, अष्टमीच्या रात्री, सगळं शहर गरब्याला असताना दुकान फुटलं. २ वाजून ४७ मिनिटांनी रोजच्यासारखा ‘हालचाल आढळली’चा संदेश. फोन नाही, स्पीकर नाही. सकाळी सातला: ‘रात्र शांत.’ चोरांनी डीव्हीआरही उचलून नेला. फुटेज बाहेर साठवतो म्हणाले होते, ते मागितलं तर त्याचा नंबर बंद. अलकापुरीतलं ऑफिस म्हणजे महिन्याच्या भाड्याची केबिन निघाली, केव्हाच रिकामी केलेली.

मग एकेक उघड झालं. अ‍ॅडमिन पासवर्ड त्याच्याकडे, मला फक्त बघण्यापुरता प्रवेश. म्हणजे माझ्या आईच्या खोलीबाहेरचं चित्र कोण बघत होतं, देव जाणे. राजकोटच्या प्रसूतिगृहाच्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओ टेलिग्रामवर विकले गेल्याचं २०२५ मध्ये उघड झालं, ते वाचलं असेलच. कॅमेरे लागताक्षणी पासवर्ड स्वतः बदला, अ‍ॅडमिन खातं स्वतःच्या नंबरावर घ्या. पुरात बुडालेला डीव्हीआर दुसऱ्या कारागिराकडून उघडला: बिलात २ टीबी, आत ५०० जीबीची जुनी डिस्क. आणि बिलावरचा जीएसटी नंबर ०८ ने सुरू होणारा, म्हणजे राजस्थानचा. गुजरातचा २४ असतो. राजस्थानचा नंबर लावून माझ्याकडून गुजरातचा एसजीएसटी, म्हणजे राज्याच्या वाट्याचा कर, घेतला! आमचं दुकान जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या योजनेत आहे, इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घ्यायचं नसतं, त्यामुळे नंबर जुळवायची वेळच कधी येत नाही. तुम्ही मात्र पैसे देण्याआधी जीएसटीच्या साइटवर नंबर टाका, नाव लगेच दिसतं.

आणि आता पोलीस. चोरीची एफआयआर झाली. फसवणुकीची म्हटलं तर, “काका, आ तो सिव्हिल मॅटर छे, ग्राहक कोर्टमां जाओ.” सायबरवाल्यांकडे गेलो तर म्हणाले, पैसे तुम्ही चेकने, स्वतःच्या हाताने दिले, हे आमच्यात येत नाही, ठाण्यात जा. ठाणं म्हणे, कॅमेरा-इंटरनेट म्हणजे सायबर. पोलिसांच्या नावाने ५,९०० रुपये उकळले गेले, याचं तरी त्यांना वाईट वाटावं! ज्या पोलीस कंट्रोल रूमचं नाव विकून हा मुलगा फिरतो आहे तिथे साधी चौकशी करायला कोणी तयार नाही. एकाने तर मलाच विचारलं, “रात्री संदेश आला तेव्हा तुम्ही उठला का नाहीत?” चौसष्ट वर्षांच्या माणसाने रात्री जागायचं नाही, म्हणूनच पैसे मोजले होते ना? ग्राहक आयोगाच्या दारात एक जण म्हणाला, दुकानासाठी घेतलं म्हणजे व्यापारी वापर, चालणार नाही. तेही अर्धवट: स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या धंद्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जागा आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारा, दारातल्या माणसाला नको.

एफआयआर नाकारली तर नुसतेच घरी परतू नका. नव्या नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली लेखी तक्रार टपालाने पोलीस आयुक्तांना पाठवता येते. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मी पाठवली आहे, पोचपावती जपून ठेवली आहे. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, त्याआधीच्या फसवणुकीला जुनं ४२०च.

वाघोडिया रोडच्या एका सोसायटीत तशाच मजकुराचं पत्रक नव्या नावाने वाटलं गेलं आहे. ‘पोलीस कंट्रोल रूमशी थेट जोडणी’ हे शब्द त्यातही आहेत. ज्यांनी या जोडणीचे पैसे भरले असतील त्यांनी बिल, करार, चेकची नोंद आणि सकाळचे सगळे अहवाल आजच छापून ठेवा आणि आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज द्या. माझ्या एकट्याच्या अर्जाला सिव्हिल मॅटर म्हणून बाजूला सारता येतं. दहा घरांचे अर्ज एकाच पद्धतीचे आले, तर साहेबांना तसं म्हणणं जड जाईल.