सी मध्ये स्ट्रिंगमधलं अक्षर शोधायचंय: स्वतःचा लूप, स्ट्रचर की मेमचर?

‘स्ट्रिंगमध्ये अक्षर शोधा’ म्हटलं की फॉर लूप, हे प्रॅक्टिकलच्या वहीपासून हाताला बसलेलं असतं. लूप वाईट नाही. अक्षर किती वेळा आलं ते मोजायचं असेल किंवा कॅपिटल-स्मॉल एकच धरायचं असेल, तर तोच बरा. फक्त लूपच्या अटीत स्ट्रलेन (स्ट्रिंगची लांबी मोजणारं फंक्शन) घालू नका. कंपायलरने ते बाहेर काढलं नाही, तर दर फेरीला अख्खी स्ट्रिंग पुन्हा मोजली जाते.

पण ‘आहे का, आणि कुठे’ एवढंच हवं असेल, तर माझं मत सरळ स्ट्रचरला (एस-टी-आर-सी-एच-आर). १९८९ च्या मानकापासून ते स्ट्रिंग डॉट एच मध्ये आहे. सापडलं तर पॉइंटर (त्या जागेचा पत्ता), नाही तर नल (रिकामा पॉइंटर). क्रमांक हवा असेल तर त्यातून मूळ पॉइंटर वजा करा. वेगातही आपला लूप सहसा मागे पडतो, कारण ग्लिबसीमधलं (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीतलं) स्ट्रचर इंटेलच्या प्रोसेसरवर एका दमात १६ किंवा ३२ बाइट तपासतं.

एक खोड मात्र लक्षात ठेवा: स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइटही ते स्ट्रिंगचाच भाग मानतं. पाच इंग्रजी स्वरांच्या स्ट्रिंगमध्ये स्ट्रचरने ‘हा स्वर आहे का’ विचारलंत आणि चुकून शून्य बाइट दिलात, तर उत्तर ‘हो’ येतं. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

सॉकेटमधून, म्हणजे नेटवर्कवरून, आलेला बफर असेल, शेवटी शून्याची खात्री नसेल, तर स्ट्रचर नकोच. ते हद्द ओलांडून वाचत सुटेल. तिथे मेमचर (एम-ई-एम-सी-एच-आर). लांबी आपणच सांगायची, आणि मधल्या शून्याला ते अडखळत नाही. फाइलचं एक्स्टेन्शन काढायचं, म्हणजे शेवटचा टिंब हवा, तर स्ट्रआरचर (एस-टी-आर-आर-सी-एच-आर).

एफगेट्सने वाचलेल्या ओळीचं न्यूलाइन (ओळ संपल्याचं चिन्ह) छाटायला बरेच जण स्ट्रचर वापरतात. फाइलच्या शेवटच्या ओळीला न्यूलाइन नसलं की नल येतो आणि तपासला नसेल तर प्रोग्रॅम कोसळतो. स्ट्रसीस्पॅन (एस-टी-आर-सी-एस-पी-एन) घ्या. न्यूलाइनच्या आधी किती बाइट आहेत ते हे सांगतं, त्या जागी शून्य लिहायचं. न्यूलाइन नसलं तर ते स्ट्रिंगची लांबीच देतं, म्हणजे शून्यावर शून्य लिहिलं जातं आणि काही बिघडत नाही.

मराठी अक्षर शोधायला मात्र यातलं काहीच सरळ चालत नाही. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) ‘क’ हे तीन बाइट असतात. एकेरी अवतरणात ‘क’ लिहून स्ट्रचरला दिलंत, तर जीसीसी हा कंपायलर नुसता इशारा देऊन पुढे जातं आणि शोध होतो तो त्या तिघांतल्या शेवटच्या बाइटचा. मिळालेला पॉइंटर अक्षराच्या पोटात पडतो. तिथून छापलं की पहिल्याच जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. अशा वेळी ‘क’ दुहेरी अवतरणात, म्हणजे स्ट्रिंग म्हणून लिहा आणि स्ट्रस्ट्रने शोधा.