सेकंडहँड 'जुकी'वर आठ महिने: फॅशन डिझाइनच्या विद्यार्थिनीचा अनुभव

मी पुण्यात फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या ऑगस्टमध्ये बंद पडलेल्या एका गारमेंट युनिटमधलं शिलाई मशीन घेतलं, टेबल, स्टँड आणि क्लच मोटरसकट 14,000 रुपयांना. एका सुईचं, फक्त सरळ टीप मारणारं. जुकी ही मुळात एक जपानी कंपनी, पण अशा मशीनला बाजारात सरसकट 'जुकी'च म्हणतात, कंपनी कोणतीही असो. माझं दुसऱ्याच कंपनीचं आहे. आतापर्यंत त्यावर तीन असाइनमेंट आणि फायनल कलेक्शनचे पाच पोशाख झाले. आपलं स्वतःचं मशीन घ्यावं का, असं ज्युनिअर मुली सारख्या विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आई कराडला ब्लाउज शिवते. मी तिच्या पायमशीनवर शिकले. तिथे पाय जेवढा हलेल तेवढीच सुई हलते. माझ्यासारख्या पॉवर मशीनची क्षमता मिनिटाला 5000 टाक्यांच्या घरात असते, आणि क्लच मोटर स्विच लावल्यापासून अखंड फिरत असते; पायडल दाबलं की ती सगळी ताकद एकदम सुईवर येते. कॉलेजच्या मशीनना सर्वो मोटर आहे, ती पायडल दाबल्यावरच फिरते, त्यामुळे हा धक्का मला माहीतच नव्हता. पहिले दहा दिवस मी कापडाला हात लावला नाही. दोरा न ओवता रेघी वहीचा कागद सुईखाली घेतला आणि रेघेवरून भोकं पाडत बसले. सरळ रेघा जमल्यावर चौकोन, मग गोल. पंजाने दाबायचं आणि टाचेने ब्रेक लावायचा, हे एकदा अंगात मुरलं की हात मोकळे होतात. हे दहा दिवस कुणीही वाचवू नयेत.

खरा फरक कळला तो बाही लावताना. कलेक्शनमधलं एक जॅकेट कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचं आहे. खण मुळात चोळीसाठी विणलेला, त्यामुळे पन्हा कमी. त्यातून अख्खं जॅकेट बेतायचं म्हणजे तुकडे कुठे जोडायचे ते आधी कागदावरच ठरवावं लागतं. शिवाय कातर लागली की दशा सुटतात, म्हणून तुकडे लगेच ओव्हरलॉक करून घेतले. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या घेरापेक्षा, सव्वा इंचाने मोठा होता, आणि ते जास्तीचं कापड चुणी न दिसता मुंढ्यात बसायला हवं. मी बाही वर ठेवून टीप मारली. खांद्यावर तीन चुण्या आल्या, उसवलं. परत तेच. खण उसवला की सुईची भोकं दिसत राहतात, त्यामुळे तिसरी संधी नव्हती. मग मशीनचे दात नीट पाहिले. ते खालचं कापड ओढतात, वरचं कापड दाबपट्टीखाली किंचित मागे राहतं. म्हणजे ज्या थरात कापड जास्त, तो खाली हवा. आधी तीच चूक मांजरपाटावर मुद्दाम करून पाहिली, मग बाही खाली घेतली, आठ टाचण्या लावल्या आणि सावकाश फिरवली. दातांनी जास्तीचं कापड आपोआप आत घेतलं. खांदा इतका स्वच्छ बसला की मी जॅकेट उलटं करून किती वेळ नुसती ती शिलाई बघत होते. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं, पण माझ्या हाताला ते त्या रात्री कळलं.

सुईबद्दल. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने सपाट असतो, त्यामुळे ती सहसा चुकीची बसत नाही. या मशीनची सुई गोल दांड्याची असते. सुईच्या अंगावरची लांब खाच डावीकडे हवी, दोरा डावीकडून उजवीकडे ओवायचा. खाच जरा फिरली तरी टाके सुटतात. मशीनबरोबर 16 नंबरची सुई आली होती आणि तिने मलमलीची पार दुर्दशा केली. 9 नंबर लावली, टाका 2 मिलीमीटरवर आणला, दाबपट्टीचा दाब सैल केला, तेव्हा कुठे मलमल सपाट राहिली. डेनिमला परत 16.

आता दोष. माझ्या मशीनमधून तेल गळतं. या मशीनच्या तळाशी तेलाची ताटली असते आणि चालताना तेल आपोआप वर चढतं, पण बंद राहिलं की माझ्या मशीनमध्ये सुईच्या दांड्यावरून थेंब उतरतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर आले आणि थेट पांढऱ्या मलमलीच्या कुर्त्यावर टीप मारली. छातीवर चार पिवळट डाग. टाल्कम पावडर रात्रभर, सकाळी भांड्यांचा साबण. तीन गेले, चौथ्यावर नक्षी भरावी लागली. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी गळतीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, नंतर फोनही उचलला नाही. मला त्याचा राग आहे. कारागिराने सील बदलल्यावर बरंच थांबलं. आता दाबपट्टीखाली कायम चिंधी असते आणि दिवसाची पहिली वीतभर शिलाई चिंधीवरच होते.

दुसरा त्रास आवाजाचा. क्लच मोटरची घरघर जमिनीतून खाली जाते आणि रात्री अकराला खालच्या काकू वर आल्या. त्यांचं बरोबरच होतं. जानेवारीत साडेचार हजारांची सर्वो मोटर बसवली. पाय ठेवेपर्यंत ती गप्प असते, आणि वेगाची मर्यादा आपण ठरवू शकतो. हे पैसे मी पहिल्या दिवशीच घालायला हवे होते.

काज, झिगझॅग, पिको यातलं काहीही या मशीनवर होत नाही. काजं मी बाहेरून करून घेते. म्हणून ज्यांना एकाच मशीनवर सगळं हवं, त्यांनी हे घेऊ नये. पण शिलाईचा दर्जा हवा असेल, डेनिमचे चार थर एका दमात जायला हवे असतील, तर घरगुती मशीन सहसा इथपर्यंत पोचत नाही.

घेताना मलमल आणि डेनिम दोन्ही बरोबर न्या, समोर टीप मारून दोन्ही बाजूंनी बघा. हातचाक हाताने फिरवून कुठे अडकतंय का पाहा. आणि मशीन मागे कलवून ताटलीतलं तेल बघा. काळं असेल तर त्याची निगा राखलेली नाही.

मार्चमध्ये आई आली होती. तिला बसवलं, वेग अगदी कमी ठेवला. पहिली टीप मारून ती म्हणाली, "पळतंय की गं हे!" मग तिने स्वतःच एक कटोरी ब्लाउज बेतला आणि संध्याकाळपर्यंत शिवून उठली. पाठ दुखली नाही म्हणाली. पायमशीनवर तिचे गुडघे दुखतात, हे तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. परीक्षा झाली की हे मशीन कराडला जाणार आहे.